देवाला पण लिमिट असतं का?

प्रश्न: कॉलेजमधला एक मित्र विचारतो, देव सर्वशक्तिमान आहे ना, मग त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड तो बनवू शकतो का? हो म्हटलं तरी फसतो, नाही म्हटलं तरी फसतो. पण खरं सांगू का, दगडाचं जाऊ दे. मागच्या वर्षी माझे आजोबा गेले. आजी रोज हरिपाठ म्हणायची, त्या महिन्यात तर दोन वेळा म्हणत होती. तेव्हापासून डोक्यात आहे की देवाला जमलं नाही की त्याने केलं नाही?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: दगडाचं आधी उरकून टाकू, ते सोपं आहे. असा दगड म्हणजे आपल्या शास्त्रातला वंध्यापुत्र, जिला मूलच नाही तिचा मुलगा, शब्द जोडले गेले पण त्यातून वस्तू काही तयार झाली नाही. इटलीतला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस १३ व्या शतकात हेच म्हणाला होता, की अशा गोष्टी देवाला करता येत नाहीत असं म्हणण्यापेक्षा त्या गोष्टी होण्यासारख्याच नाहीत असं म्हणा. मित्राला एवढं सांग, पुरे.

आता आजोबांचं. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, हा आक्षेप सरळ घेतलाय, की कुणी सुखात कुणी दुःखात, मग देव पक्षपाती आणि निर्दय नाही का? शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात पावसाचं उदाहरण देतात. पाऊस सगळ्या रानात सारखाच पडतो पण भात की जव ते बियाण्यावर ठरतं, तसं ईश्वर प्रत्येकाच्या कर्माप्रमाणे फळ देतो, मनाला येईल तसं नाही. म्हणजे बघ, देव कशाला तरी धरून चालतो हे आपल्याकडे उघड मान्य केलंय. तर्क म्हणून मला हे पटतं, पण ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला कर्म म्हणून समजावायला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, तो त्या माणसावर अन्याय आहे, आणि तुझ्या आजीला कुणी तसं बोललं असेल तर ते मनावर घेऊ नका.

मला जास्त जवळची वाटते ती भागवतातली गोष्ट. यशोदा कृष्णाला उखळाला बांधायला जाते आणि दोरी दोन बोटं कमी पडते, दुसरी जोडली तरी दोन बोटं कमी, घरातल्या सगळ्या दोऱ्या जोडल्या तरी तेवढीच कमी. ती घामाघूम झाली, केस सुटले, त्यातली फुलं गळून पडली, आणि आईची ही दमछाक बघून तो आपणहून बांधून घेतो. दोरीत ताकद नव्हतीच. भागवतातच दुसरीकडे अंबरीष राजाच्या कथेत विष्णू दुर्वासांना सांगतो की मी भक्ताच्या अधीन आहे, स्वतंत्र नाहीच जणू.

आणि पंढरपूर तर तुमच्यापासून लांब नाही. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दारात आला तर त्याने वीट भिरकावली आणि थांब म्हणाला, तो थांबला. तिथे चमत्कार नाही, म्हातारी माणसं तरुण झाली असं कुणी सांगत नाही, सेवा चालू आहे आणि देव कमरेवर हात ठेवून उभा आहे एवढंच. गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात, तिथेही तेच, तिचं दळण देवाने संपवलं नाही, तो सोबत दळायला बसला.

म्हणून तुझ्या 'जमलं नाही की केलं नाही' याला माझं उत्तर असं, की शरीर थकतं, संपतं, हा नियम त्यानेच घातलाय आणि तो मोडायला तो येत नाही, पण दळायला बसतो. हे मी सिद्ध करून देऊ शकत नाही, मी हे मानतो. तुझ्या आजीने त्या महिन्यात दोन वेळा हरिपाठ का म्हटला हे तिला एकदा विचार ना, कदाचित आजोबांना वाचव असं तिने मागितलंच नसेल.