आजींना आठवतं तेवढंच लिही

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा आणि रेकॉर्डिंग मिळालं. कॉलेज सांभाळून तुम्ही मैत्रिणी लंडनमधल्या त्या आजींकडे जाता, त्यांची व्हिएन्नाची गोष्ट आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी लिहिता, याचं मला फार कौतुक आहे. नाझी राजवटीतून मुलांना सोडवणाऱ्या किंडरट्रान्सपोर्ट या मोहिमेने डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे १०,००० मुलं ब्रिटनला पोचली, त्यातली बहुतेक ज्यू. तेव्हा पाच-सहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. परीक्षा होऊ दे, मग बघू, असं करू नकोस.

स्टेशनचा प्रसंग तू रंगवला आहेस. ‘आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ही शेवटची भेट हे तिला कळून चुकलं होतं.’ हे तुला कुणी सांगितलं? रेकॉर्डिंगमध्ये आजी म्हणतात की आई हसत होती आणि लावलेली कोटाची बटणं सोडून पुन्हा लावत होती. मग बटणंच लिही. थोड्या महिन्यांत भेटू, अशी आशा कितीतरी आईवडिलांना होती. आईच्या मनातलं सहा वर्षांच्या मुलीला माहीत नव्हतं, तर ते पुस्तकातही नको. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, झालाच नाही म्हणणारी माणसं आजही आहेत. एखादा कल्पित तपशील सापडला की तो धरून ती सगळी गोष्टच खोटी ठरवायला निघतात.

रेड क्रॉसची पत्रं मात्र तू एका ओळीत उरकलीस. तिथे रेंगाळ. युद्ध सुरू झाल्यावर शत्रुदेशाशी साधं टपाल बंद झालं, आणि रेड क्रॉसच्या फॉर्मवर जेमतेम २५ शब्द लिहिता येत. मुलीची उंची किती वाढली, दात पडले का, इंग्रजी येतं का, आईने २५ शब्दांत काय काय विचारायचं? हे वाचणारं मूल स्वतःच वही घेऊन शब्द मोजायला बसेल. आजी म्हणतात तशी १९४२ मध्ये पत्रं थांबली. तू तिथून उडी मारून थेट त्यांच्या लग्नावर आलीस. तसं करू नकोस. त्यांच्या आईवडिलांचं काय झालं ते सरळ लिही. ‘देवाघरी गेले’ नको, त्यांना मारलं. प्रेतांची वर्णनं नकोत, पण एवढं वाक्य आठ वर्षांचं मूल पेलू शकतं.

‘आईबाबा सोबत का नाही आले?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येणार. त्याचं उत्तर पुस्तकात हवं: ब्रिटनने परवानगी दिली ती आईवडिलांशिवाय येणाऱ्या, १७ वर्षांखालच्या मुलांना. मोठ्यांना व्हिसा मिळणं फार कठीण होतं.

नावं आणि तारखा जर्मनीतल्या आरोलसेन अभिलेखागारात, जिथे नाझींच्या बळींचे कागद आहेत, आणि जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाच्या नावांच्या नोंदींमध्ये ताडून पाहा. आजींची आठवण आणि कागद जुळले नाहीत, तर गोष्टीत आठवण ठेव आणि फरक शेवटच्या पानावर टिपेत सांग. आईवडिलांबद्दल आजींना ठाऊक नसलेलं काही हाती लागलं, तर आधी त्यांना ते जाणून घ्यायचंय का, ते विचार. मगच कागद पुढे कर.

पुस्तकाची चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीला प्रागजवळच्या तेरेझीन या नाझी छावणीतल्या ज्यू मुलांची चित्रं पाहायला सांग. तिथल्या कैदेत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने मुलांना चित्रं काढायला शिकवलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं, पण जवळपास ४,५०० चित्रं सूटकेसमध्ये लपवलेली राहिली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांत फुलं, फुलपाखरं, घरं आहेत, तसेच बराकीतले मजली पलंगही आहेत. सगळी पानं राखाडी करायचा मैत्रिणीचा बेत मला म्हणूनच पटत नाही.

मराठी आवृत्तीत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांचा कॅम्प घालावा, ही तुझी कल्पना मोहात पाडणारी आहे खरी. पण तिथली माणसं सोव्हिएत हद्दपारीतून वाचून आलेली, आणि बहुतांश कॅथलिक. त्यांच्यावर वेगळं पुस्तक कर, मी मदत करीन. या पुस्तकात ते कोंबू नकोस.

पुढचा मसुदा आधी आजींना मोठ्याने वाचून दाखव. त्या म्हणतील ते वाक्य काढून टाक, तुला कितीही आवडलेलं असलं तरी. मग मला पाठव.

तुझी,
मावशी