पोटातले चांगले जिवाणू रोगजंतूंना खरंच अडवतात का? अँटिबायोटिकनंतर दही खाल्लं की पुरतं का?

अडवतात. ते मेल्यावर काय होतं हे आमच्या आईनं भोगलंय, म्हणून लिहितेय.

मागच्या मे महिन्यात तिला साधी सर्दी झाली. दादानं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम या अँटिबायोटिकची दहाची पट्टी आणली. सहाव्या दिवशी जुलाब सुरू. कालनिर्णयवर दुधाच्या नोंदीशेजारी मी पेन्सिलीनं रेघा मारत होते. एका चौकटीत चौदा झाल्या. त्यावर दादानं जुलाब थांबवायची गोळी दिली. पोट टम्म फुगलं, ताप चढला. ॲडमिट केल्यावर शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचं विष सापडलं.

हा जंतू बीजाणू होऊन निपचित पडून राहतो. यकृतातून आलेली पित्ताम्लं त्याला जागं करतात. मोठ्या आतड्यातले आपले काही जिवाणू, उदाहरणार्थ क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स, त्याच पित्ताम्लांचं असं रूपांतर करतात की जंतूची वाढ खुंटते. बाकीचे त्याच्या वाट्याचं अन्न फस्त करतात. अँटिबायोटिकनं हे राखणदार मेले की त्याला रान मोकळं. १९५० च्या दशकात शिकागोत उंदरांवर हेच दिसलं होतं. एरवी साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची लागण व्हायला लाखभर जंतू लागत. स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिल्यावर दहाच्या आतच भागे.

दादा अजूनही म्हणतो, लग्नातलं जेवण बाधलं. लग्न २ मेला, गोळ्या १५ला, जुलाब २०ला. बाधलेलं जेवण अठरा दिवस दम धरत नाही! कालनिर्णयचं ते पान मी जपून ठेवलंय. सर्दी विषाणूंमुळे होते, तिला अँटिबायोटिक लागतच नव्हतं.

दही खुशाल खा, पण वाटीभर दह्यानं गेलेले राखणदार परत येत नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या एका अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंचं औषध, घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला.

मात्र डॉक्टरांनी तपासून दिलेलं अँटिबायोटिक आपल्या मनानं सोडू नका. आई शेवटी व्हँकोमायसिनच्या कॅप्सूलनीच सावरली, आणि तेही अँटिबायोटिकच. माझं भांडण दादाच्या पट्टीशी आहे. आणि घरात असा रुग्ण असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नका, बीजाणू त्यानं मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवा.