सेव्हरन्स टॅक्सच्या विरोधात सही करायची का? आधी लीज काढा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वॉशिंग्टन काउंटीत जमीन घेतलीत, आधीच्या मालकाने केलेलं गॅस लीज (कंपनीला गॅस काढू देण्याचा करार) जमिनीसोबत तुमच्याकडे आलं, रॉयल्टीचा, म्हणजे गॅसच्या विक्रीतल्या वाट्याचा, चेक सुरू आहे, आणि आता जमीनमालकांच्या संघटनेचं पत्र आलंय की पेनसिल्व्हेनियात सेव्हरन्स टॅक्स (जमिनीतून काढलेल्या गॅस-तेलावरचा राज्याचा टॅक्स) कधीही आणला तरी आमचा विरोध, या अर्जावर सही करा. तुमचं म्हणणं, टॅक्स कंपनीवर लागणार, मग आपण कशाला ओरडायचं?

तर टॅक्स भरते कंपनीच, पण जातो कोणाच्या खिशातून हे तुमचं लीज ठरवतं. बऱ्याच छापील लीजमध्ये एक वाक्य असतं की उत्पादनावर जे काही टॅक्स लागतील त्यातला आपल्या हिश्शाचा भाग जमीनमालक सोसेल. पहिल्या पानावर नसतं, मागे कुठेतरी बारीक अक्षरात असतं. रॉयल्टी म्हणजे बटाईने दिलेल्या शेतासारखं आहे, मालात तुमचा वाटा आहे म्हटल्यावर मालावरचा टॅक्सही वाट्याने येणार असं कंपनीचे वकील म्हणतात. आपल्या लोकांच्या हे लवकर लक्षात येत नाही कारण भारतात शेताखाली तेल सापडलं तरी ते सरकारचं, शेतकऱ्याला जमीन वापरल्याची भरपाई मिळते आणि रॉयल्टी जाते राज्य सरकारला, समुद्रातलं असेल तर केंद्राला (मुंबई हायची रॉयल्टी दिल्लीला जाते ती त्यामुळेच). इथे जमिनीखालचं खासगी मालकीचं असू शकतं, म्हणून ही भांडणं.

टॅक्स रॉयल्टीतून कसा कापतात हे बघायचं तर ओक्लाहोमा बघा. तिथे ग्रॉस प्रॉडक्शन टॅक्स आहे, म्हणजे सेव्हरन्स टॅक्सच, मूळ दर 7 टक्के, पण नवीन विहिरींना पहिले 36 महिने 2 टक्केच अशी सूट होती. 2018 मध्ये शिक्षकांचे पगार वाढवायला पैसा हवा होता, तेव्हा ती सूट कमी करून 2 चे 5 टक्के केले. तिथे टॅक्स वाढवायला विधिमंडळात तीन चतुर्थांश मतं लागतात, तरी झालं, आणि त्यानंतरही एप्रिलमध्ये शिक्षक संपावर गेलेच. हा टॅक्स तिथे रॉयल्टी मालकाच्या हिश्शातूनही कापला जातो, चेकच्या स्टबवर (सोबतच्या हिशोबाच्या पावतीवर) वेगळ्या कॉलममध्ये दिसतो. म्हणजे पत्र पाठवणारे अगदीच खोटं बोलत नाहीयेत.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट वेगळी. एवढा गॅस काढणारं हे राज्य, फक्त टेक्सास पुढे, पण सेव्हरन्स टॅक्स नाही. त्याऐवजी 2012 च्या अ‍ॅक्ट 13 ने इम्पॅक्ट फी आणली, ती विहिरीमागे लागते, गॅस किती निघाला यावर नाही, विहिरीचं वय आणि गॅसचा भाव बघून ठरते. त्यातला मोठा वाटा जिथे ड्रिलिंग होतं त्या काउंटी-टाउनशिपला परत येतो. टॉम वुल्फ गव्हर्नर झाल्यावर 2015 मध्ये त्यांनी 5 टक्के अधिक दर हजार घनफुटामागे 4.7 सेंट असा टॅक्स सुचवला, पुढे वेगवेगळ्या रूपात परत परत सुचवला, 2017 मध्ये सिनेटने एक छोटा दर पासही केला पण हाउसमध्ये अडकला. 2019 ला साडेचार अब्ज डॉलरची रिस्टोअर पेनसिल्व्हेनिया योजना याच टॅक्सच्या भरवशावर होती, तीही तशीच राहिली.

जमीनमालक म्हणतात आम्ही रॉयल्टीवर फेडरल इन्कम टॅक्स भरतो, वर राज्याचा 3.07 टक्के, मग त्याच पैशावर अजून किती? हे मला पटतं, पण 15 टक्के डिप्लिशनची (जमिनीतला साठा संपत जातो त्याबद्दलची) वजावट फेडरलला आपल्याला मिळते हे त्या पत्रकात कधी लिहिलेलं नसतं 😄 (तुम्ही घेताय ना? नसाल तर सीएला, म्हणजे इथल्या सीपीएला, आजच विचारा.) दुसरं, इम्पॅक्ट फीचा पैसा गावात येतो, टॅक्स आला की तो हॅरिसबर्गच्या, म्हणजे राज्याच्या, तिजोरीत जाईल आणि रस्ते मात्र आमचे फुटतील. हा मुद्दा मला सगळ्यात दमदार वाटतो, पाण्याच्या टँकरांनी आमच्या टाउनशिपच्या रस्त्याची काय दशा केली ते मी रोज बघतो. तिसरं, टॅक्स लावला तर कंपन्या निघून जातील. हे मात्र कंपन्यांनी आपल्या तोंडी घातलेलं वाक्य आहे. शेजारी वेस्ट व्हर्जिनियात 5 टक्के सेव्हरन्स टॅक्स आहे आणि तिथेही याच मार्सेलस खडकातला गॅस निघतोच आहे. रिग (विहीर खोदायचं यंत्र) कुठे उभी राहणार हे भाव, खडक आणि पाइपलाइन ठरवतात.

आता हिशोब करून बघा. समजा 640 एकरांच्या युनिटमध्ये (विहिरींसाठी एकत्र केलेल्या जमिनीत) तुमचे 64 एकर, रॉयल्टी 15 टक्के, म्हणजे स्टबवर तुमचा डेसिमल, म्हणजे एकूण विक्रीतला वाटा, 0.015. महिन्याला युनिटमधून 2 लाख एमसीएफ (हजार घनफूट) गॅस, भाव एमसीएफला अडीच डॉलर, एकूण 5 लाख डॉलर, तुमचे 7,500. यावर 5 टक्के टॅक्स तुमच्या हिश्शाने कापला तर गेले 375. आता त्याच स्टबवर गॅदरिंग, कॉम्प्रेशन, ट्रान्सपोर्टेशन (विहिरीतून निघालेला गॅस गोळा करणं, दाबणं, वाहून नेणं) असे खर्चाचे कॉलम बघा. ते मिळून 80 सेंट प्रति एमसीएफ धरले तर तुमच्या 3,000 एमसीएफवर 2,400 डॉलर गेले!! जो टॅक्स अजून लागलाच नाही त्यासाठी सह्यांची मोहीम, आणि हे दर महिन्याला जातंय त्यावर संघटनेच्या पत्रात किती ओळी आहेत ते मोजा.

आणि हे खर्च असे कापणं कायदेशीर आहे बरं. 1979 च्या कायद्याने किमान एक अष्टमांश रॉयल्टीची हमी दिली, पण 2010 मध्ये किल्मर विरुद्ध एलेक्सको खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विहिरीनंतरचा खर्च वजा करून मग तो एक अष्टमांश मोजला तरी चालतं. अ‍ॅटर्नी जनरलने ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखाली कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं, पण 2021 मध्ये कोर्ट म्हणालं की लीजच्या व्यवहारात कंपनी विकणारी नाही, घेणारी आहे, तो कायदा इथे लागत नाही. ब्रॅडफर्ड काउंटीकडचे लोक यावर किती वर्षं डोकं आपटतायत.

म्हणून मी काय करेन सांगतो. आधी काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्सकडून (जमिनीची कागदपत्रं नोंदवणारं ऑफिस) लीजची प्रत काढा, अ‍ॅडेंडमसकट (म्हणजे जोडलेल्या जादा अटींसकट), कारण छापील कलमाशी अ‍ॅडेंडमचा मेळ नसेल तर सहसा अ‍ॅडेंडमचं चालतं. बऱ्याचदा रेकॉर्डवर नुसता मेमोरँडम, म्हणजे लीजची थोडक्यात नोंद, असते, मग पूर्ण लीज कंपनीकडून लेखी मागा, चेक घेताय तर मागायला हरकत नाही. त्यात टॅक्सचं कलम शोधा आणि रॉयल्टी "ग्रॉस" आहे की खर्च वजा जाता, ते बघा. टॅक्स कंपनीनेच सोसायचा असं लिहिलेलं असेल तर या अर्जाशी तुमचा थेट संबंध फारसा नाही, इम्पॅक्ट फीच्या मुद्द्यावर सही करावीशी वाटली तर खुशाल करा. हिश्शाने सोसायचं असं असेल तर विरोध करायला तुमच्याकडे कारण आहे, पण मी कोरी सही न करता आपल्या प्रतिनिधीला चार ओळींचं पत्र लिहेन: टॅक्स आणायचाच असेल तर तो रॉयल्टीतून कापता येणार नाही असं बिलातच लिहा, आणि सोबत किमान रॉयल्टी खर्च वजा न करता मोजायची दुरुस्ती आणा. असा टॅक्स परत कधी आला तर हेच दोन मुद्दे लावून धरायचे, आणि संघटनेलाही विचारायचं की दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही सोबत आहात का. त्यांच्या उत्तरावरून वर्गणी भरायची की नाही ते ठरवा.

कलमाची भाषा कळली नाही तर नाव-पत्ता झाकून तेवढा परिच्छेद इथे टाका, बघू. पण सही करायची वेळ आली तर ऑइल-गॅस बघणारा वकील गाठा, घर घेताना जो होता तो नको.