वर्षभर इंग्रजी शिकल्यावर प्रगती झाली की नाही, हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर रोज अर्धा तास व्याकरण आणि दहा नवे शब्द असा नेम पाळला, दोन वह्या भरल्या, तरी इंग्रजी सुधारलं का ते कळत नाही; आता पुढचा क्लास लावावा का? क्लासचं शेवटी बोलू. गेल्या जूनमध्ये मीही याच प्रश्नापाशी अडले होते, म्हणून तेव्हा काय केलं ते सांगते.

मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये काम करते. जानेवारी ते एप्रिल हंगाम असतो आणि हॉलंड-इंग्लंडच्या खरेदीदारांना दिवसाला आठ-दहा मेल माझ्या हातून जातात. शाळा मराठी माध्यमाची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून झालं ते २००० साली. नियम मात्र सगळे पाठ. पॅसिव्ह व्हॉइस आजही झटक्यात करून दाखवीन.

आढावा घ्यायचा म्हणून मी आधी वहीच उघडली आणि लगेच मिटली. वहीतली वाक्यं पुस्तकाची असतात, शांतपणे उतरवलेली. आपलं इंग्रजी घाईत लिहिलेल्या मेलमध्ये सापडतं. मग अभ्यास सुरू करण्याआधीच्या हंगामातले तीस मेल आणि नंतरच्या हंगामातले तीस, अशा प्रिंट काढून लाल पेन घेऊन बसले. प्रत्येक चुकीपुढे लिहीत गेले की हे लिहिताना माझ्या मनात मराठीतला कोणता शब्द होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पानं समोर पसरली तेव्हा दिसलं, जवळजवळ निम्म्या चुका पाच-सहा मराठी शब्दांपाशी गोळा झाल्या होत्या.

सगळ्यात मोठा ढीग ‘पर्यंत’चा. एका मेलमध्ये मी लिहिलं होतं, ‘वी विल लोड द कंटेनर अंटिल फ्रायडे.’ मला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत कंटेनर भरून होईल. खरेदीदाराने वाचलं, शुक्रवारपर्यंत भरणं चालूच राहील. त्याचा लगेच उलटा मेल: एका कंटेनरला इतके दिवस का लागतायत आणि तोवर प्रीकूलिंग झालेला, म्हणजे भरण्याआधीच थंड केलेला माल आहे कुठे? त्याची काळजी रास्त होती. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात, बाहेरची गरम हवा लागली की मण्यांवर पाणी धरतं. तिथे हवं होतं ‘बाय फ्रायडे’. मुदतीच्या आत उरकणाऱ्या कामाला ‘बाय’, मुदतीपर्यंत चालत राहणाऱ्या कामाला ‘अंटिल’. मराठीत हा फरक क्रियापद सांभाळतं. आपण ‘भरून होईल’ म्हणतो किंवा ‘भरत राहू’ म्हणतो, ‘पर्यंत’ दोन्हीकडे तोच. हे मला कुठल्याही धड्यात सापडलं नव्हतं, माझ्याच मेलमध्ये सापडलं.

‘पासून’चंही तसंच. ‘दोन वर्षांपासून’ला ‘फॉर’ लागतो आणि ‘२०२२ पासून’ला ‘सिन्स’. शिवाय आपण सरळ ‘काम करते’ म्हणतो, तिथे इंग्रजीला ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं. म्हणजे एकाच वाक्यात दोन खड्डे.

शब्दांचा हिशेब वेगळा केला. माझ्या वहीत अकराशेच्या वर शब्द होते. भाचीला सांगितलं, कुठलंही पान उघड आणि विचार. शंभर शब्द विचारून झाले. अर्थ सांगता आला एकाहत्तर शब्दांचा, आणि स्वतःचं वाक्य करता आलं फक्त सव्वीस शब्दांचं. त्या रात्री वाईट वाटलं, पण पुढचा रस्ता त्या सव्विसांनीच दाखवला. ते बहुतेक कामातले होते. ‘शॅटर’ म्हणजे मणीगळ, हा शब्द मी एकदाच लिहून घेतला होता, पण त्याच आठवड्यात पेटीच्या तळाशी गळलेल्या मण्यांचा फोटो काढून त्याखाली तो वापरला. तो आता विसरणं शक्य नाही. वर्तमानपत्रातून उतरवलेले भारदस्त शब्द मात्र बहुतेक सगळे पुसले गेले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, रोज दहा शब्दांचा नेम सोडा. तीन घ्या, पण त्याच दिवशी कुणाला तरी लिहिताना वापरा. कोणते घ्यावेत हे कळत नसेल तर मायकेल वेस्ट यांची १९५३ सालची यादी बघा. हे गृहस्थ ढाक्याला शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात होते, आपल्यासारख्यांच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. सुमारे दोन हजार नेहमीचे शब्द आहेत. त्यातलेच कितीतरी आपल्याला नुसते ओळखीचे असतात, हाताशी नसतात.

आता खरी प्रगती. ‘पर्यंत’च्या चुका पहिल्या तीस मेलमध्ये अकरा होत्या, नंतरच्या तिसांत दोन. हा आकडा पाहून मला जो आनंद झाला तो वही भरल्यावर कधीच झाला नव्हता. ‘अ’ आणि ‘द’ मात्र जिथल्या तिथे. ‘प्लीज सेंड रिपोर्ट’ असं मी अजून लिहून जाते आणि समोरचा विचारतो, कुठला रिपोर्ट? मराठीत नाम एकटं उभं राहू शकतं, त्यामुळे काही राहून गेलंय हे डोळ्याला टोचतच नाही. यावर मी सध्या एवढंच करते, मेल पाठवण्याआधी फक्त नामांवरून बोट फिरवते आणि प्रत्येकाला विचारते, ‘कुठलं?’ उत्तर दोघांनाही माहीत असेल तर ‘द’.

क्लासबद्दल विचारलंत. आधी तुमचे वीस-तीस जुने मेल किंवा मेसेज काढा आणि चुकांचे ढीग करा. ते कागद घेऊन क्लासमध्ये जा आणि शिकवणाऱ्यांसमोर ठेवा. ते त्या ढिगांपासून सुरुवात करायला तयार असतील तर जरूर पैसे भरा. पुन्हा नामाच्या व्याख्येपासून सुरू करणार असतील तर मी तरी भरणार नाही.