यादी नंतर, आधी डबे उघडा

घरातल्या किराण्याची नोंद ठेवायला सुरुवात करताय ना, मग ॲप शोधत बसू नका. आधी कपाटातलं सगळं बाहेर काढा. मी पहिल्यांदा काढलं तेव्हा काळ्या मिरीची तीन फोडलेली पाकिटं निघाली, तीनही अर्धवट!

मग दाराला आतून एक कागद चिकटवा. ग्रॅमपर्यंत हिशेब नको, तो आठवडाभरात बंद पडतो. डबा निम्म्यावर आला की नाव लिहायचं, एवढंच. संपल्यावर लिहिलं तर घाईत मिळेल त्या भावाने आणावं लागतं.

पिठाचं मात्र नीट सांगते. जुन्या पिठावर नवं कधीच ओतू नका. तळाचं महिनोन्‌महिने तसंच राहतं, त्यात अळी झाली की वरचंही जातं. डबा रिकामा करा, पुसा, कोरडा होऊ द्या, मगच भरा आणि पाकीट फोडल्याची तारीख टेपवर लिहून चिकटवा. नवी पाकिटं नेहमी मागे.

‘बेस्ट बिफोर’ उलटली म्हणून लगेच फेकू नका, ती दर्जाची तारीख असते. ‘यूज बाय’ मात्र पाळा.

आणि मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. किलोमागे दर काढून बघा. खरेदीला निघताना कागदाचा फोटो घ्या, मी तो घरीच विसरायचे.