मुलांनी काढलेल्या चित्राचा कुकी कटर घरी कसा बनवायचा?

तुम्ही विचारलंय की मुलगी सहा वर्षांची, मुलगा नऊचा. दोघांना भोंडल्याच्या खिरापतीसाठी हत्तीच्या आकाराच्या कुकीज करायच्या आहेत, पण दुकानात चांदण्या आणि बदाम सोडून काही मिळत नाही. खरं सांगते, मिळत नाही तेच बरं. पाटावरचा हत्ती मुलंच काढतात ना? मग कुकीचाही हत्ती त्यांच्याच हातचा असू दे. आमच्याकडे दर नवरात्रात हे चालतं.

आधी दोघांना कागदावर साधारण ७ सेंटीमीटर लांबीचा हत्ती काढू द्या. फक्त बाहेरची रेघ. सुळे, शेपटीचा गोंडा, कानाच्या चुण्या हे सगळं नंतर आयसिंगने येतं. अट एकच: कुठलाही भाग मुलांच्या बोटापेक्षा बारीक नको. बारीक सोंड कटरमध्ये अडकते, निघालीच तर अंग भाजायच्या आत करपते. सोंड पुढच्या पायाला टेकवली की हा प्रश्न मिटतो. चार पायांऐवजी दोन जाड खांब काढायचे.

कटरसाठी हॉटेलच्या पार्सलचे ॲल्युमिनियमचे डबे किंवा ट्रे येतात ते उत्तम. कोल्ड्रिंकचे कॅन मुलांबरोबर वापरू नका, त्यांची कड ब्लेडसारखी लागते. ट्रे स्वच्छ धुवून त्याची ६ सेंटीमीटर रुंद पट्टी तुम्ही स्वतः कापा. दोन्ही कडा मधल्या रेषेपर्यंत आत दुमडा, मग मधोमध पुन्हा एक घडी. दीड सेंटीमीटर उंचीची चार पदरी पट्टी तयार होते आणि कापलेली धार आत लपते. पुढचं काम मुलांच्या हातात निर्धास्त देता येतं.

लांबी किती हवी ते दोऱ्याने मोजा. चित्राच्या रेघेवर दोरा फिरवायचा, तो सरळ करून पट्टीशी धरायचा आणि जोडाला एक सेंटीमीटर जास्त ठेवायचं. नऊ वर्षांच्या मुलाला हे मोजमाप फार आवडतं. पट्टी अपुरी पडली तर दोन तुकडे जोडा. मग चित्रावर धरून वाकवायची: पाठीचा बाक वाटीच्या कडेवर, सोंडेचं वळण पेन्सिलीभोवती, पायांचे कोपरे फूटपट्टीच्या धारेवर. जोडाला बाहेरून चिकटपट्टी लावा. स्टेपलरची पिन मात्र अजिबात नको, ती सुटून पिठात जाऊ शकते.

आता पीठ. इथे नानकटाईचं पीठ चालत नाही, कारण ती पसरायला आणि तडकायलाच हवी असते. हत्तीचा गोळा होऊन बसेल. म्हणून यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. १२० ग्रॅम बटर आणि ८० ग्रॅम पिठीसाखर फेसून त्यात २०० ग्रॅम मैदा, वेलचीपूड आणि गोळा होण्यापुरतं चमचा-दोन चमचे दूध. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. वीसेक हत्ती होतात. गोळा दोन बटरपेपरमध्ये ५ मिलिमीटर जाड लाटून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात बटर लगेच सैल होतं, म्हणून हत्ती कापून झाल्यावर ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं गार करा. कडा नीट राहतात त्या यामुळेच. कटर दर वेळी मैद्यात बुडवायचा. ओव्हन आधी तापवून १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. कडा किंचित बदामी झाल्या की काढा. गरम असताना मऊच लागतात, गार झाल्यावर खुटखुटीत होतात.

सजावट पूर्ण गार झालेल्या कुकीवरच. कच्च्या अंड्याचं आयसिंग मुलांसाठी मी करत नाही. वाटीभर पिठीसाखर चाळून त्यात चमचा-चमचा दूध आणि दोन थेंब लिंबू पुरतं. बाहेरची रेघ काढायला ते घट्ट हवं. आत भरायला थोडं सैल, म्हणजे चमच्याने सोडलेली धार दहाएक सेकंदांत विरली पाहिजे. भरायला मेंदीच्या कोनासारखा प्लॅस्टिकचा कोन करा. ज्या मुलीने मावशीला मेंदी काढताना पाहिलंय तिला तो कसा दाबायचा हे शिकवावं लागत नाही. दुधाऐवजी बिटाचा रस घातला तर गुलाबी, चिमूटभर हळदीने पिवळा, कोकोने तपकिरी रंग येतो. डोळ्याला काळा तीळ. सगळी हौस झुलीवर करू द्या: तिथे रंगीत बडीशेप, ठिपके, नक्षी. चांदीचे कडक गोळे टाळा, लहान दातांना ते बरे नाहीत.

हत्ती गुलाबी का, म्हणून विचारू नका आणि त्यांच्या हातातला कोन घेऊन रेघ सरळ करायला जाऊ नका. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोघांचे कटर वेगळे ठेवा, म्हणजे कुठला हत्ती कुणाचा यावरून भांडण होत नाही.

आयसिंग पंख्याखाली रात्रभर उघडं वाळवा. फ्रीजमध्ये ठेवलं तर पाणी सुटून रंग ओघळतात. वाळल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज राहतात, तेव्हा भोंडल्याच्या दोन दिवस आधी करून ठेवा. डबा मात्र पारदर्शक नको, नाहीतर खिरापत ओळखायला काय उरणार?