अभ्यासिकेतल्या पोरांबद्दल

प्रिय मित्रा,

अभ्यासिकेच्या किल्ल्या तुझ्या हाती आल्या आणि पहिल्याच फोनवर तू त्या गोंदियाच्या पोराबद्दल विचारलंस. आठवडाभर तो भरतीसाठी पहाटे धावायला गेलेला नाही. खुर्चीवर येऊन बसतो, पण पान उलटत नाही. परवा कुलरसमोरच्या जागेवरून शेजारच्याच्या अंगावर धावून गेला. बाकीचे पोट्टे म्हणतात, 'अकड आली त्याच्यात.' मला ते पटत नाही. त्याच्या मनाला काहीतरी झालंय. त्याच्याशी आजच बोल, रविवारची वाट पाहू नकोस.

मुलगी उदास झाली की घरात कुणीतरी विचारतं तरी. पोराची उदासी आपल्याला चिडचिडीच्या, भांडणाच्या रूपात दिसते, आणि आपण भांडणाचाच निवाडा करत बसतो. कुणाचं डोकं रोज दुखतं, कुणी दुपारी चारपर्यंत खोलीत पडून राहतो, कुणाचा तंबाखूचा खर्रा वाढतो, कुणी रात्री बाटली घेऊन बसतो. एखादा मेसचा डबा न उघडताच परत देतो. डबेवाल्या मावशींना हे तुझ्याआधी कळतं, त्यांच्याशी बोलत जा.

आपल्याकडे येणारी पोरं गडचिरोली, भंडारा, यवतमाळची. बापाने सोयाबीन विकून फी भरलेली असते. घरून फोन येतो तो एवढाच, "पैसे टाकले, अभ्यास होऊन राहिला ना?" पोरगा "हो बाबा" म्हणतो. पोलीस भरतीची वयाची अट खुल्या गटाला २८ आणि राखीव गटाला ३३ वर्षं. त्या वयाच्या जवळ आलेल्या पोराला प्रत्येक जाहिरात शेवटची वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतले १,२२,७२४ पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे, २२,७४६. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. 'पोरगा आहे, सांभाळेल स्वतःला' हे वाक्य तुझ्या तोंडून कधी येऊ नये म्हणून लिहितो आहे.

बोलताना त्याला टेबलापलीकडे बसवू नकोस. साहेबापुढे उभं केल्यासारखं वाटतं. मैदानावरून परतताना किंवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर शेजारी उभं राहून बोल. समोरासमोर नजर नसली की पोरं मोकळी होतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. सुरुवात झोपेपासून कर. मे महिन्यात टिनाच्या खोलीत कुणालाच नीट झोप लागत नाही, त्यामुळे हा प्रश्न कुणाला टोचत नाही. मग जेवण, मग घर. तो "काही नाही भाऊ" म्हणेल. ठीक आहे म्हण, आणि उद्या पुन्हा विचार. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पोरं बोलतात. बोलायला लागला की उपाय सांगायची घाई करू नकोस. आणि रडला तर रडू दे. "पोरीसारखा काय रडतो बे" हे अभ्यासिकेत कुणी कुणाला म्हणायचं नाही, हा नियम तू पहिल्याच दिवशी कर.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. तो 'मी गेलो तर सगळे सुटतील' असं काही बोलला, किंवा तुझ्या मनात नुसती शंका आली, तरी सरळ विचार: "जीव देण्याचा विचार येऊन राहिला का?" विचारल्याने तसं काही डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं याने माणसाला हायसं वाटतं. तो हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटा सोडू नकोस. 'कुणाला सांगू नका' म्हणाला तरी तसं वचन देऊ नकोस. त्याच्या मोठ्या भावाला, मामाला, ज्याला तो मानतो त्याला फोन लाव. तो गावी जाणार असेल तर फवारणीचं औषध कुलपात ठेवायला घरच्यांना आधी सांग. संकोच करू नकोस, वाईट वेळ बहुतेकदा काही तासांची असते आणि तेवढ्या तासांत ते हाताशी नसणं फार मोलाचं ठरतं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर थेट मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या, अपघात विभागात ने.

एरवी मेडिकलच्या मानसोपचार ओपीडीत जा. पत्ता देऊन पाठवू नकोस, सोबत जा. चिठ्ठीच्या रांगेत एकटा उभा असलेला पोरगा अर्ध्यातून परत फिरतो. आपल्या नागपुरात 'पागलखाना चौक' म्हणत म्हणत पोरं मोठी होतात, त्यामुळे डॉक्टरकडे गेलो की आत टाकतील असं त्यांना खरंच वाटतं. ओपीडीत डॉक्टर बोलतात, तपासतात, लागलं तर गोळ्या देतात आणि माणूस त्याच दिवशी खोलीवर येतो, हे त्याला आधी सांग. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बहुतेक पोरं आठव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून त्या सोडतात. तेव्हा त्याच्या मागे लाग. बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारूनच.

भरतीवाल्या पोरांना आणखी एक धास्ती असते: रेकॉर्डवर येईल, पोलीस केस होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त राखणं बंधनकारक आहे. कलम ११५ सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम. छापून ठेव, कायदा वाचणारी पोरं आहेत, त्यांना हे पटतं.

निकालाच्या संध्याकाळी अभ्यासिका बंद करू नकोस. ज्यांचं नाव यादीत नाही, त्यांना त्या दिवशी बसायला जागा लागते. पास झालेल्यांचे पेढे दुसऱ्या दिवशी वाटले तरी चालतात.

आणि तू. तूही पंचवीसचाच आहेस, तुझाही निकाल यायचा आहे. सगळ्यांचं ऐकून रात्री दोनला खोलीवर जातोस, असं कळलं. किल्ल्या वाटून घ्यायला दुसरा एक पोरगा या आठवड्यातच बघ. गोंदियाच्या पोराशी बोलणं झालं की लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी. मेडिकलला जायचं ठरलं तर सकाळी मी येतो.

तुझा,
सर